वरचं लोणी, खालचं लोणी

आमच्या दुकानात लोणी दोन प्रकारचं असायचं, वरचं आणि खालचं. ही गोष्ट अख्ख्या गावात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि माझ्या नवऱ्याला. नवऱ्याचं नाव लेम्युएल विटकॉम्ब. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला मिस्टर विटकॉम्ब म्हणायची आणि अहोजाहो करायची. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की लेम म्हणायची आणि जे काय सुनवायचं ते सुनवायची.

शनिवारी आमच्या लोन एल्म गावाच्या चारी बाजूंनी शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या. पुरुष लोहाराकडे जायचे आणि बायका आमच्याकडे. टोपलीत अंडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लोणी, एकेका रतलाचा गोळा, त्यावर प्रत्येकीचा आपापला लाकडी ठसा. ते द्यायचं आणि बदल्यात साखर, कॉफी, कापड, दिव्याच्या काचा न्यायच्या. भाव सगळ्यांना एकच. लोणी पाव्हण्याला वाढण्यासारखं असो की गाडीच्या आसाला लावण्यासारखं, सतरा सेंट म्हणजे सतरा सेंट. शेतकऱ्याच्या बायकोला तोंडावर "बाई, तुमचं लोणी खवट आहे" असं म्हणणारा दुकानदार आयोवात अजून जन्मायचा होता. म्हटलं, की ती समोरच्या ब्रॉडीच्या दुकानात जाणार, आणि जाताना बहिणी, नणंदा, जावा सगळ्यांना घेऊन जाणार.

म्हणून आम्ही हसून घ्यायचो. मग मी मागच्या खोलीत पोकळ सळी घेऊन बसायची, एकेका गोळ्यात खुपसायची, बाहेर काढायची आणि नाकाशी धरायची. चांगलं असेल ते वर फडताळात. बाकीचं लेम तळघरात नेऊन पिंपात टाकायचा. महिन्याला ते पिंप साबणवाल्याकडे जायचं. तळघराची शिडी उभी आणि माझे गुडघे दुखरे, त्यामुळे मी खाली कधी उतरले नाही. लोण्यातलं मात्र मला कळतं. आमच्या घरी एक गाय होती. तिचं लोणी मी स्वतः काढायची आणि माझा ठसा मारून दुकानात पाठवायची. पाच टोकांची चांदणी, त्यातलं एक टोक उडालेलं. संध्याकाळी ते कधी शिल्लक राहिलेलं मी पाहिलं नाही. इतकं, की घरच्या जेवणाला आम्हाला दुसऱ्या कुणाचं तरी लोणी आणावं लागायचं.

"सगळ्यात आधी तुझंच संपतं, ऑर्फा," लेम म्हणायचा.

"संपणारच," मी म्हणायची.

पिंपात जाणाऱ्यांत पहिला मान ऑगस्टा थील्केबाईंचा. बाई उंच, आवाज मोठा, मनही मोठं, पण साय पंधरा-पंधरा दिवस कांद्यांच्या शेजारी ठेवायची खोड, आणि त्याच फळीवर रॉकेलचा डबा. आसपास थील्क्यांची अकरा घरं, आणि अकराच्या अकरा थील्केबाईंच्या मागोमाग आमच्या दारात. नऊ वर्षं मी त्यांचे गोळे हसत घेतले आणि श्वास रोखून आत नेले.

दुसऱ्या टोकाला रॅग्ना मोएन. नॉर्वेहून आलेली विधवा, चार गाई, एक खोली. तिचा ठसा तिच्या नवऱ्याने कोरलेला होता, एका पायावर उभा असलेला पक्षी. दुसरा पाय कोरायच्या आत तो वारला. आम्ही घरी जे लोणी खायचो ते हिचंच. तीन वर्षांपूर्वी गाईने लाथ मारून तिचं उजवं मनगट मोडलं आणि ते वाकडंच जुळून आलं. दुधाची पसरट भांडी उचलायची, वर धरलेली साय चमच्याने काढायची, घुसळायचं, सगळं ती त्याच मनगटाने करायची. तोंडातून एक अक्षर नाही. तशी ती कुठल्याच बाबतीत फारसं बोलायची नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गावच्या साप्ताहिकाच्या संपादकाला, म्हणजे ऑर्विल टिब्बेट्सला, कल्पना सुचली. या माणसाला कल्पना सुचली की काहीतरी मोडायचं.

"विटकॉम्ब, तुमची जाहिरात मी सहा वर्षं छापतोय," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "'विटकॉम्ब. किराणा, कापड, खिळे.' खिळे वाचून माणूस खुर्चीतून उठतो का? तिकडे शिकागोवाले टपालाने माल विकतात आणि त्याचं पुस्तक घरी पाठवतात, पानोपानी चित्रं. बायका ते उशाशी घेऊन झोपतात. तुम्ही काहीतरी करा."

"काय करू?" लेमने विचारलं. इथेच चुकलं.

गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर चौकट होती, आणि मलाही ती सगळ्या गावाबरोबरच वाचायला मिळाली.

"लोन एल्ममध्ये उत्तम लोणी कोणाचं? येत्या शनिवारी विटकॉम्ब यांच्या दुकानात गावातल्या नामांकित गृहिणींचं लोणी ताज्या पावाबरोबर चाखा. फुकट. चाखा आणि मक्याच्या दाण्याने मत द्या. विजेतीला दुधातून साय काढायचं नवंकोरं हातयंत्र. शिकागोचं टपाल तुम्हाला पाव देतं का?"

यंत्र ओमाहाच्या एका फिरत्या विक्रेत्याने दिलं होतं, स्वतःच्या मालाची जाहिरात म्हणून. ते दुकानाच्या खिडकीत लाल रंगात चकाकत उभं राहिलं. मी स्वतः भाग घेतला नाही. दुकानदाराच्या बायकोने बक्षीस घरातच ठेवलं असं कुणी म्हणायला नको, असं मी चारचौघांत दोनदा बोलून दाखवलं.

पाच जणींनी नावं दिली. पहिलं नाव थील्केबाईंचं. शेवटचं मोएनबाईचं. ती खिडकीपाशी आली, डाव्या हाताने यंत्राचा दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "याला उजवा हात लागत नाही."

"नाही लागत," मी म्हटलं.

"मिळालं तर आणखी दोन गाई ठेवीन."

तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. हे यंत्र हिलाच मिळायला हवं असं माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पाचांत तिच्या जवळपास जाणारंही कुणी नव्हतं, तेव्हा काळजी ती नव्हती. काळजी वेगळीच होती.

"लेम," दार लावल्यावर मी म्हणाले, "परवा सगळं गाव थील्केबाईंचं लोणी तोंडात घालणार आहे."

लेम खिळ्यांची पेटी आवरत होता. तो थांबला. "कदाचित या खेपेला चांगलं आलं असेल."

"मघाशी पाच गोळे देऊन गेल्या. मी नाक लावून आले. तू लाव."

तो जाऊन आला आणि काही वेळ पाणी पीत राहिला. "तिला सांगावं का हळूच?"

"सांग ना. तू सांग."

"मी?" लेम म्हणाला, आणि पुन्हा खिळ्यांकडे वळला. जन्मात कुणाला नको म्हणता आलं नाही या माणसाला. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले म्हणून बरं, मी गप्प राहिले असते तर हा अजून अंगणात टोपी हातात घेऊन उभा असता.

म्हणून जे केलं ते मी केलं. शुक्रवारी दुपारी मोएनबाईचे सहा गोळे आले. त्यातले तीन मी काढून घेतले, तळव्याने पुन्हा थापले आणि त्यांवर थील्केबाईंचा ठसा मारला. दोन कणसांचा तो ठसा त्यांनी आमच्याच दुकानातून घेतला होता आणि त्याच्या जोडीचा दुसरा अजून मांडणीवर धूळ खात होता. खरे पाच गोळे लेमने खाली नेले. माझा हिशेब सरळ होता. दोन्ही ताटांत एकच लोणी. अकरा घरचे थील्के कणसाला मत देतील, बाकीचं गाव पक्ष्याला. थील्केबाईंची अब्रू राहील, यंत्र मोएनबाईला मिळेल. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या रात्री लेमला जेवताना दोनदा वाढलं.

शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जे लोक वर्षभर ब्रॉडीकडे जायचे तेही पावाचा वास घेत आले. लांब फळीवर पाच ताटं, प्रत्येकापुढे ठसा उमटलेला गोळा, मागे काचेची बरणी. पाद्री पीबॉडी बरण्यांवर लक्ष ठेवायला उभे होते आणि जो तो आधी त्यांनाच विचारत होता, तुमचं मत कुणाला.

पीबॉडींनी कणसाच्या ताटातला तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "याला एक भरदारपणा आहे."

मग पक्ष्याच्या ताटातला खाल्ला. "हेही बरं आहे. पण काहीतरी कमी पडतं."

"मीठ," टिब्बेट्स म्हणाला.

"मीठ नाही. पाया," पीबॉडी म्हणाले.

मी मागे उभी राहून ऐकत होते. लोहाराची बायको म्हणाली, थील्केबाईंचं जिभेवर आपोआप विरघळतं, मोएनबाईचं थोडं चिकटतं. शाळामास्तर म्हणाले, गाईंना चारा कुठला घालतात ते लगेच कळतं. टिब्बेट्स वहीत टिपून घेत होता. कणसाच्या ताटापुढे गर्दी म्हणून आणखी गर्दी. बरणी निम्मी भरली तसा मला घाम फुटला. पक्ष्याच्या बरणीत तळ दिसत होता.

हर्मन थील्के, थील्केबाईंचा नवरा, कणसाच्या ताटापाशी आला. एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग तिसऱ्यावर चांगलं बोटभर थापलं. बायकोचं लोणी इतकं मन लावून खाणारा नवरा मी पाहिला नव्हता. सातवा तुकडा उचलताना त्याचे डोळे भरून आले होते. थील्केबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या आणि त्याच्याकडेच बघत होत्या. लोक त्यांचं अभिनंदन करत होते, त्या मान हलवत होत्या, पण नजर नवऱ्याच्या तोंडावरून हलत नव्हती. शेवटी त्यांनी स्वतः एक तुकडा घेतला आणि सावकाश चावला.

मोएनबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने पक्ष्याच्या ताटातला तुकडा खाल्ला, मग कणसाच्या ताटातला. कणसाच्या गोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पावाचा चुरा आवरायला लागले.

दाणे मोजले. थील्केबाई त्र्याऐंशी, मोएनबाई एकोणीस, बाकी तिघींचे मिळून तीस. यंत्र थील्क्यांच्या गाडीत चढलं. बाहेर पडताना मोएनबाई माझ्यापाशी थांबली.

"विटकॉम्बबाई, मला आजवर कशात नंबर मिळाला नव्हता," ती म्हणाली. "आज पहिलाही माझा, दुसराही माझाच. यंत्र तेवढं थील्केबाईंचं."

टोपली डाव्या हातात घेऊन ती चालायला लागली. उजव्या हाताने तिने शालीचं टोक धरलं होतं आणि तो हात मनगटाशी वाकडाच राहिला होता. मला लाज वाटली. इतकी, की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी घरात त्या लोण्याकडे बघूही शकले नाही.

मंगळवारी सकाळी थील्केबाई आल्या. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी काउंटरवर एक गोळा ठेवला, दोन कणसांचा, आणि बाजूला एक सुरी.

"खा," त्या म्हणाल्या.

"थील्केबाई, आत्ता नुकतीच न्याहारी..."

"खा."

मी सुरीच्या टोकावर घेऊन खाल्लं. कांदा आला, त्याच्यामागून रॉकेल.

"कसं आहे?"

"छान आहे," मी म्हणाले. सवयच तशी होती.

"माझा नवरा नऊ वर्षं घरी पावाला चरबी लावतो," थील्केबाई म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "मी विचारलं की म्हणायचा, लोणी पोटाला जड जातं. शनिवारी सात तुकडे खाल्ले त्याने. रडत खाल्ले. तुम्हाला कळलं असेल की मला काय कळलं." त्या लेमकडे वळल्या. "माझं जातं कुठे, मिस्टर विटकॉम्ब?"

लेमची नजर तळघराच्या झाकणावर गेली. थील्केबाईंनी झाकण उचललं, स्कर्ट गोळा केला आणि त्या खाली उतरल्या.

वर आल्या तेव्हा मी पदरात शिव्या घ्यायला तयार होते. पण त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता. कीव होती. ती कशासाठी, ते मला तेव्हा समजलं नाही.

"एकदा कुणीतरी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी कांदे हलवले असते. नऊ वर्षं तुम्ही हसत घेतलं, मी म्हटलं, चांगलंच असणार. मी ते लेकीच्या सासरी पाठवलं. पाद्रीबाबांकडे पाठवलं." त्यांनी गोळा उचलून परत टोपलीत ठेवला. "यंत्र रविवारी रॅग्नाकडे पोचवलंय. दुसरा नंबर तिचा होता म्हणून तिच्याकडे नेलं, आणि ते लोणी कुणाचं ते मला तिथेच कळलं. ती सांगायला तयार नव्हती. मीच तिच्या फडताळातलं खाल्लं."

गुरुवारी साप्ताहिक आलं. आमच्या नेहमीच्या जाहिरातीच्या अगदी खाली, रीतसर पैसे भरून, एक चौकट होती. टिब्बेट्सने एका शब्दालाही हात लावला नव्हता, कारण त्याला भीती वाटली असणार.

"शनिवारी ज्यांनी मला मत दिलं त्यांचे आभार. लोणी माझं नव्हतं, रॅग्ना मोएनचं होतं. बक्षीस तिला दिलं आहे. माझं लोणी कसं लागतं हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी विटकॉम्ब यांच्या तळघरात डाव्या हाताच्या पिंपात पाहावं. बाकीच्या बायांनीही जाऊन यावं, तिथे एकट्या माझंच नाही. ऑगस्टा थील्के."

"संपलं," मी म्हणाले. "दुकान संपलं. ब्रॉडी उद्या बँड लावील."

लेम पेपर हातात घेऊन बसला होता. मी त्याला कधी इतका पांढरा पडलेला पाहिलं नव्हतं. "ऑर्फा," तो म्हणाला, "ते पिंप आज पाठवून देऊ का?"

"आता? सगळ्या गावाने वाचल्यावर? आणखी शोभा करायची आहे?"

"नाही, म्हणजे... वरवरचं तरी..."

"काही हलवायचं नाही," मी म्हणाले. मला वाटलं, माझ्यात एकाएकी फार सचोटी आली आहे.

शनिवारी सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर रांग होती. पुरुष त्या दिवशी लोहाराकडे गेलेच नाहीत. बायका एकेक करून झाकणातून खाली उतरत होत्या आणि कंदील पुढच्या हातात देत होत्या. खालून ओरडणं ऐकू येईल म्हणून मी कानांवर हात घ्यायच्या बेतात होते. आला तो वेगळाच आवाज.

"मॉड, तुझं फूल आहे गं इथे."

"असू दे. तुझं पान त्याच्या बाजूलाच आहे."

"पाद्रीणबाईंचा क्रूससुद्धा आहे."

वर येणाऱ्या बायका लाल झालेल्या होत्या, पण एकटी कुणीच लाल नव्हती, आणि सगळ्याच पिंपात असल्यावर नाक कुणी कुणाला मुरडायचं. दोघीतिघी हसत होत्या. एकीने विचारलं, ब्रॉडीच्या दुकानाला तळघर आहे का. कुणीतरी आहे म्हणालं. तशा दहाबारा जणी घोळक्याने रस्ता ओलांडून गेल्या, आणि थोड्याच वेळात ब्रॉडी दारात आडवा उभा राहून काहीतरी समजावताना दिसला.

लोहाराची बायको शिडीवरून वर आली, मला बघितलं आणि कंदील माझ्या हातात दिला. "आता तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी कशाला? मला माहीतच आहे काय आहे ते."

मोएनबाई भिंतीपाशी उभी होती, तिने खाली बघितलं. लेम खिळ्यांच्या पेटीत काहीतरी शोधत होता. मला थील्केबाईंची मंगळवारची नजर आठवली.

मी गुडघे सांभाळत उतरले. पिंपाजवळ कंदील धरला. वर दोन कणसं होती, फूल होतं, पान होतं, क्रूस होता. आणि त्यांच्या मध्ये, एकावर एक, नीट रचून ठेवलेल्या, चांदण्या. मी मोजल्या. चार. प्रत्येकीचं एक टोक उडालेलं.

"लेम," मी खालूनच म्हणाले. गिऱ्हाइकं होती, पण मिस्टर विटकॉम्ब म्हणायचं मला सुचलं नाही. "केव्हापासून?"

झाकणाच्या चौकोनात त्याचं तोंड दिसलं. "गाय आणली तेव्हापासून," तो म्हणाला.

म्हणजे चौदा वर्षं. चौदा वर्षं हा माणूस रोज शिडी उतरला, माझं लोणी नीट रचून ठेवत गेला, वर येऊन मला संपलं म्हणून सांगत गेला. मी एक गोळा उचलला, बोटाने घेऊन तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या लोण्याची चव इतरांच्या लोण्यासारखी घेऊन बघत होते. थोडं आंबट, थोडं कडू, आणि शेवटी गोठ्याचा वास. थील्केबाईंच्या कांद्यापेक्षा बरं म्हणावं तर तेही म्हणता येईना.

चढताना गुडघ्यात कळ आली आणि मी अर्ध्यावर थांबले. वरून एक हात खाली आला. मनगटाशी वाकडा. त्याने मला धरलं आणि त्याच्यात वाटलं त्यापेक्षा पुष्कळ जोर होता.

वर सगळ्या बघत होत्या. हसायची तयारी होती त्यांची, आणि हसल्या असत्या तर मला बोलता आलं नसतं. मोएनबाईने हात सोडला नाही.

"भांडी उकळत्या पाण्याने धुता का?" तिने हळूच विचारलं.

"गरम पाण्याने," मी म्हणाले.

"उकळत्या. सोमवारी या माझ्याकडे. थील्केबाईही येणार आहेत. दाखवते."

मी दुकानभर नजर फिरवली. थील्केबाई काउंटरला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी शेजारी माझ्यासाठी जागा केली.

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.